फाटकातले चैत्रांगण

शुक्रवार, १४ एप्रिल १९२२. सायंकाळचे पाच वाजले होते आणि बागेत आलेल्या माणसांची संख्या होती शून्य.

विद्याधरपंत हे झाशीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. पणजोबांनी सुभेदारीच्या काळात बांधलेले घर आणि त्याभोवतीची बकुळीची बाग आज त्यांनी प्रथमच गावाला खुली केली होती. गुड फ्रायडेची सुटी मुद्दाम साधली होती. पणजोबांची पालखी पुसून बैठकीत मांडली होती, मोटेने हौद भरला होता आणि वीस वर्षे मुके पडलेले कारंजे पुन्हा उसळू लागले होते. पाहायला मात्र कोणी नव्हते.

निम्म्या हिश्शाचे मालक, थोरले चुलतबंधू नानासाहेब, मांडीवर शंभर चिंचोके घेऊन ओसरीवर बसले होते. बोली साधी होती : दिवेलागणीपर्यंत शंभर माणसे आली तर बाग राहील, नाही तर तिथे लाकडाची वखार होईल.

"विदू, एक तरी चिंचोका हलू दे रे. मांडीला रग लागली."

"येतील, नाना."

"येताहेत की! फाटकापर्यंत येतात, हात जोडतात आणि परत जातात. ही बाग आहे की समाधी?"

विद्याधरपंत तरातरा फाटकाशी गेले. बाहेर खरोखरच गर्दी होती. बडा बाजारातला एक हलवाई चपला काढून, बायकोमुलांसह उभा होता.

"भैयाजी, अंदर आइए न!"

"पूजा निपट जान दो, पंतजी," तो अदबीने म्हणाला. "इत्तो बड़ो चौक पूरो है, ऊपर पाँव कैसें धरें?"

पंतांनी खाली पाहिले. पाहुण्यांच्या स्वागतासाठी त्यांच्या पत्नीने, प्रमोदिनीबाईंनी, पहाटेच या खांबापासून त्या खांबापर्यंत चैत्रांगण रेखले होते : गौर, पाळणा, कासव, चंद्र, सूर्य. मराठी घरात चैत्रभर ही रांगोळी अंगणात असतेच, पण कडेने वाट ठेवून. इथे बोटभरही वाट नव्हती, आणि बुंदेली माणूस पूजेचा चौक, म्हणजे रांगोळी, काही केल्या ओलांडणार नाही.

"अगं बाई!" प्रमोदिनीबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, पुसू का?"

"गौरीला उठवून पाहुण्यांना बसवायचे? मुळीच नको. एक रूळ अडला तर गाडी दुसऱ्यावर घ्यावी."

पंतांनी कपाटातला जुना हिरवा बावटा आणला, मोटेच्या बैलांचे बाजूचे फाटक सताड उघडले आणि बावटा फडकावीत आरोळी ठोकली, "चलो भैया, लाइन क्लियर!"

हलवायाने चपला उचलल्या. त्याच्यामागून सारा लोंढा विहिरीला वळसा घालून थेट कारंज्याशी पोहोचला. पोरे भिजली, बायका पालखीत डोकावल्या, आणि ज्यांनी घरी जाऊन सांगितले त्यांच्या आळीतून आणखी माणसे आली.

"विदू, चिंचोके संपले!" ओसरीवरून नानासाहेब ओरडले. "आता काय मोजू?"

"बकुळीची फुले मोजा, नाना. ती आता आपलीच आहेत!"

दिवे लागले तेव्हा नानासाहेबांच्या एका बाजूला शंभर चिंचोके होते आणि दुसऱ्या बाजूला एकशे सदतीस फुले.

आलेली माणसे : दोनशे सदतीस.