कमी आकड्याची शाबासकी

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेतो आणि त्यातली साखर मोजून सांगतो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. बाकी माणसांवर माझा भारी राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे मला एकच धडा दिला गेला, जे असेल ते खरं सांगायचं. ऐकणाऱ्याला खरं पचत नसेल तर काय करायचं, हे मात्र कोणी शिकवलं नाही. गोंदियाच्या एका मेडिकलमधून गुड्डूने मला विकत घेतलं आणि आपल्या बापासाठी कामठ्याला आणलं. बापाचं नाव कवडू. धानाची शेती, आवाज मोठा, आणि साखरेचा आजार निघाल्यापासून तोंड कायम वाकडं.

पहिल्याच दिवशी मी दोनशे बारा दाखवले. कवडूने मला खाटेवर आपटलं. "बिगडेल डबडं आनलं पोट्ट्यानं! मले एवढी साखर? मी का हलवाई हाओ?"

बोट त्याचं, रक्त त्याचं, साखर त्याची, आणि बिघडलेला मी! नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय.

मग डॉक्टरांची गोळी सुरू झाली. रुख्माने, म्हणजे कवडूच्या बायकोने, घरातली साखर आणि गूळ पेटीत टाकून कुलूप लावलं आणि चाबी कमरेला खोचली. आकडा उतरू लागला तशी मला शाबासकी मिळू लागली. इथेच सगळं नासलं. साखर जितकी कमी तितकी तब्येत झकास, अशी त्या घराची पक्की समजूत झाली. शेजारच्या बिसरामलाही साखर होती. पानठेल्यावर दोघांची चढाओढ लागायची.

"माही आज एकशे दहा."

"माही पंच्यान्नव, बापा! कर बरोबरी!"

अरे मूर्खांनो, ही काय शर्यत आहे, की जो खाली जाईल तो जिंकला?

जिंकण्यासाठी कवडूने भात सोडला. तेवढ्यावर भागेना, म्हणून गोरेगावच्या बाजारात एका जडीबुटीवाल्याकडून चूर्ण घेतलं. म्हणे साखर मुळासकट उपटून टाकतं! घरात त्याने कोणाला सांगितलं नाही. गोळी चालूच, तिच्यावर चूर्ण, आणि पोटात अन्न नाही. मी एका सकाळी सहासष्ट दाखवले तेव्हा रुख्माने मला पदराने पुसलं आणि देवाच्या फोटोशेजारी ठेवलं. असा मान मला नको होता. सत्तरच्या खाली गेलेला आकडा धोक्याचा असतो, आणि ही बाई मला उदबत्ती ओवाळत होती!

त्याच दिवसांत कवडूला भलतंच होऊ लागलं. जेवणाआधी हात थरथरायचे. थंडीतही बंडी घामाने भिजायची. राग तर असा यायचा की विचारू नका. एकदा त्याने भाजीचं ताट अंगणात भिरकावलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तो बिसरामच्या अंगावर धावून गेला. सून आचल हिला तर रोज धमकी, "तुले माहेरीच धाडतो!" आणि चार घास पोटात गेले की हाच माणूस गरीब गाय. रुख्मा म्हणायची नजर लागली. गुड्डू म्हणायचा, बाबाचं डोकं सरकलं. घाम फुटलेला असताना एकदा बोट टोचून पाहावं, हे एकालाही सुचलं नाही. मला सकाळी उचलायचे ते फुशारकी मारायला. चीड येणार नाही तर काय?

धान चुरायचे, म्हणजे मळणीचे, दिवस होते. भर दुपारी कवडू खळ्यावरून लटपटत आला आणि सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीला टेकून बसला. अंगाला पाण्यासारखा घाम. काहीबाही बरळू लागला. आचल जवळ गेली तर तिलाच विचारतो, "तू कोन वं?" आचलने धावत जाऊन मला आणलं आणि त्याचं बोट टोचलं.

मी बेचाळीस दाखवले.

"बेचाळीस!" रुख्माने हात जोडले. "एवढी कमी तं कधीच नोती आली. मंग काऊन करून रायले हे असे?"

"आई, साखर उतरली मामाजीची," सासऱ्याकडे बोट करत आचल म्हणाली. "पेटीची चाबी द्या, साखर काढतो."

"साखरेच्या मानसाले साखर? मारतं का त्यायले?"

"न देल्यानं मरतीन! माह्या बाबाले असंच झालतं. द्या म्हनतो ना चाबी!"

रुख्मा मागे सरकली. चाबी तिने मुठीत आवळून धरली. नवऱ्याचा जीव वाचवतोय असं तिला वाटत होतं, आणि तो जीव तिच्याच मुठीत गुदमरत होता. कवडूची मान एका बाजूला कलली. तेव्हा आचलने सासूचा हात पिरगाळला, हो, सुनेने सासूचा, आणि चाबी हिसकून घेतली.

कवडूला अजून गिळता येत होतं, हे नशीब. आचलने साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. तो शिव्या देत प्यायला. थोड्या वेळाने तिने परत बोट टोचलं तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर दाखवले. कवडूने डोळे नीट उघडले आणि पहिली गोष्ट काय बोलला?

"मले साखर कोनं चारली? जीव घेता का माहा?"

घ्या! करायला जावं भलं, तर ही माणसाची जात.

आचलने त्याला चार घास खाऊ घातले. मग गुड्डू त्याला गोंदियाला घेऊन गेला. तपासताना खिशातली पुडी निघाली.

"काका, ये क्या खा रहे हो?" डॉक्टरांनी पुडी हुंगली. "अशा चूर्णात कधीकधी साखर कमी करायची गोळीच कुटून घातलेली असते. आधीची एक गोळी, वर ही, आणि पोट रिकामं. मग काय होणार?"

तर मित्रांनो, विनंती वगैरे मी करत नाही, बजावून सांगतो. निरोगी माणसाची साखर उपाशीपोटी सत्तर ते शंभर असते. साखरेच्या आजाऱ्याची साधारण ऐंशी ते एकशे तीस ठीक. सत्तरच्या खाली गेली, हात कापले, घाम आला, की लगेच काहीतरी गोड द्या आणि परत मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, दवाखाना गाठा. आणि असं पुन्हापुन्हा होत असेल तर नजर काढत बसू नका. तो माणूस काय काय गिळतो, ते डॉक्टरांना दाखवा. कमी आकड्यासाठी मला शाबासकी देणाऱ्याचं तोंडही मला पाहायचं नाही.

कवडू मात्र सुधारेल तर शपथ. परवा मी एकशे अठरा दाखवले तर लागला कुरकुरायला, "वाढली ना! बिसरामची नव्वद हाय."

रुख्मा ताट वाढत होती. तिने भाताची मूद त्याच्यापुढे आदळली.

"सगळ्यात कमी तं मढ्याची रायते. तेवढी पायजे का तुमाले?"

कवडूने ताट जवळ ओढलं. मान खाली घालून त्याने सगळा भात संपवला.