चहापानाचा पाठ

वैजीनाथ गुरुजींना इंग्रजी येत होतं, आणि ते येतं हे लपवून ठेवणं त्यांना जमत नव्हतं. चारठाण्याच्या अलीकडच्या त्या गावात दुसऱ्या कुणाला ते येत नसल्यामुळे त्यांना टोकणारंही कुणी नव्हतं. कालपरवापर्यंत तिथे उर्दूचा दरारा. मग पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि ज्यांची पोरं अलिफ-बे गिरवताना छड्या खात होती तेच आता नातवांना एबीसीडीसाठी शाळेत घालू लागले. साहेब देश सोडून गेला आणि मग त्याची भाषा इथे पोचली. आमच्याकडे सगळंच उशिरा येतं.

गुरुजींनी सिकंदराबादेला एका बाईंकडे उन्हाळी वर्ग केला होता. भाषा नुसत्या शब्दांनी येत नाही, ती बोलणारी माणसं बसतात-उठतात कशी, खातात-पितात कशी, तेही शिकवावं लागतं, हे त्या बाईंचं म्हणणं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून सातवीला त्यांनी चहापानाचा पाठ बसवला. शाळा भरायची किशनरावांच्या सरकीच्या गोदामात. दोन बाकं जोडून टेबल झालं, त्यावर गुरुजींच्या धोतराचं पान अंथरलं, महादेवाच्या देवळातून करवंट्या गोळा करून आणल्या आणि त्यांनाच कप म्हणायचं ठरलं. यजमानाने उभं राहून प्रत्येकाला विचारायचं, "विल यू हॅव सम टी?" पाहुण्याने "येस, प्लीज" म्हणून कप घ्यायचा.

यजमान होता आश्रुबा. मांगवाड्यातल्या कडूबाईचा पोरगा. त्याच्याइतकं स्वच्छ इंग्रजी वर्गात कुणाच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून गुरुजींनी त्याला निवडलं. एरवी तो दाराजवळ एकटाच बसायचा. तिथे बस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आत ये असंही कुणी म्हणत नव्हतं.

"म्या देऊ, गुरुजी? ह्यांच्या हातात?" पहिल्या दिवशी त्याने घाबरून विचारलं.

"तूच द्यायचा. तिकडे यजमानच देतो," गुरुजी म्हणाले. "आणि पाहुण्याने कप विसळायचासुद्धा नसतो. तेही यजमानाच्या घरचं काम. इंग्रजीच्या तासाला इथे विलायत आहे असं समज. माझा शब्द आहे."

शब्द असा सहज निघून गेला. आश्रुबाने मात्र तो घट्ट धरून ठेवला. इंग्रजीच्या तासाला तो टेबलाच्या टोकाशी ताठ उभा राहायचा, किशनरावांच्या भुजंगलाही विचारायचा, आणि भुजंग त्याच्या हातून करवंटी घ्यायचा. कुणी काही बोललं नाही. गुरुजींना वाटलं, आपण गाव बदललं.

पुढे शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब येणार अशी बातमी आली. म्हातारी माणसं अजून त्यांना निजामाच्या वेळेसारखं मोहतमीमच म्हणत. त्यांना शाळा आवडली तर आठवीचा वर्ग मिळणार होता आणि गुरुजींची नोकरी कायम होणार होती. गुरुजींना हुरूप आला. साहेबांसमोर करवंट्या कसल्या, खरा चहा हवा, खऱ्या कपबश्या हव्यात, म्हणून ते किशनरावांकडे गेले. आपल्याच पायांनी गेले, कुणी बोलावलं नव्हतं.

"चहा? खरा?" किशनरावांचा अडकित्ता सुपारीवर थांबला. "अन् देनार कोन? कडूबाईचं पोरगं?"

"यजमान तोच आहे. आजवर तोच देत आलाय. तुमचा भुजंगही घेतो की त्याच्या हातून."

"ठावं हाय मला. कोरडं व्हतं तवर म्या कायी बोललो का? कोरड्याला काय व्हतंय! पन उद्या त्यात पानी पडलं, का मंग त्यो खेळ ऱ्हात न्हाई, गुरुजी. भुजंगची आजी जेवन सोडून बसंल."

"आता कायदा झालाय, किशनराव."

"मंग? म्या पोराला भाईर काढा म्हनालो का? बसू द्या की. लय चांगलं पोरगं हाय. त्याला मोठा पाव्हना करा, पार मधी बसवा. चहा भुजंग देईल. कपबशी तेवढी त्यानं घरून आनावं, अन् पिऊन झालं का इसळून भिताडापाशी पालथी घालावं. हाटिलात घालतेतच की. ह्यात कायद्याला काय झोंबायलंय?" त्यांनी खांड तोंडात टाकलं आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "सरकीचा हंगाम जवळ आलाय. गोदाम लागंल आता. पन तुमच्या शाळंसाठी म्या कदी न्हाई म्हनलो न्हाई."

इथे गुरुजींनी नाही म्हणायला हवं होतं. फार तर रिकाम्या करवंट्यांवर भागवायचं होतं. पण साहेबांसमोर खरा चहा वाफाळताना त्यांच्या डोळ्यांपुढे दिसत होता आणि गोदामाचं कुलूपही दिसत होतं. ते "बरं" म्हणाले. घरी पोचेपर्यंत त्यांनी स्वतःची समजूतही घातली. मोठा पाहुणा म्हणजे यजमानापेक्षा वरचाच मान, असं ते वाटेत दोनदा मोठ्याने म्हणाले. शिकलेल्या माणसाला हे फार छान जमतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांनी आश्रुबाला बाजूला घेतलं. कडूबाईने राखेने घासून दिलेला, कान तुटलेला एक कप त्याच्या हातात होता. कप का आणायचा हे त्याने विचारलं नव्हतं.

"आज तू मोठा पाहुणा. मधोमध बसायचं."

"अन् चहा?"

"भुजंग देईल."

आश्रुबाचं तोंड उतरलं. महिनाभर तो ती वाक्यं गुरं वळतानासुद्धा म्हणत होता. गुरुजी त्याच्याकडे न बघता पुढे बोलले, "आणि पिऊन झालं की कप विसळून भिंतीपाशी पालथा घाल."

"पाव्हना इसळत नसतोय म्हनलाव की तुमी."

"तिकडे नसतो."

"मंग आज तिकडलं न्हाई का?"

गुरुजी टेबलावरच्या धोतराच्या सुरकुत्या काढू लागले. "सांगतो तेवढं कर," ते म्हणाले. "तुझ्याच भल्याचं आहे."

साहेब परभणीहून जीपने आले. मूळचे ह्याच जिल्ह्यातले, पण वर्गात शिरल्यापासून त्यांनी मराठीचं नाव काढलं नाही. किशनराव खुर्ची टाकून बसले. पाठ सुरू झाला. भुजंग "विल यू हॅव" इथेच अडकला, तेव्हा आश्रुबाने हळूच "सम टी" पुरवलं, आणि मग स्वतःच त्याला "येस, प्लीज" म्हणाला. भुजंगने किटली उंच धरून वरून धार सोडली. चार थेंब धोतरावर उडाले. पोरं चहा प्याली. साहेबांनी मान डोलावली. गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

मग सगळी पोरं कप तिथेच सोडून उठली. आश्रुबा आपला कप घेऊन दाराजवळच्या रांजणापाशी गेला आणि तिथे उभा राहिला. रांजणाला त्याने हात लावायचा नव्हता, पाणी वरून कुणीतरी घालायचं असतं. भुजंग हलेना. किशनराव छताकडे बघत होते. साहेब चष्मा वर करून बघू लागले. पोरगा कप पुढे धरून उभाच. हे लवकर संपावं एवढंच गुरुजींना वाटत होतं. ते झटकन पुढे झाले, तांब्या बुडवला, आणि आश्रुबाच्या कपात पाणी ओतलं. उंचावरून. हात आपोआप वर गेला, तो वर धरायला त्यांना कुठल्या वर्गात शिकावं लागलं नव्हतं.

आश्रुबाने कप विसळला, भिंतीपाशी पालथा घातला आणि वळला.

"व्हाय ओन्ली धिस गेस्ट?" साहेबांनी विचारलं. हाच पाहुणा का विसळतो?

"ही इज चीफ गेस्ट, सर," गुरुजी म्हणाले. घाम त्यांच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होता.

साहेब क्षणभर त्या कान तुटलेल्या कपाकडे बघत राहिले. ह्या मातीत जन्मलेल्या माणसाला तो कप कळला नसेल, असं कोण म्हणेल? पण दुपारचं जेवण किशनरावांकडे होतं. साहेब हसले आणि आश्रुबाकडे वळून म्हणाले, "हू टॉट यू टु वॉश युवर कप?" कप विसळायला तुला कुणी शिकवलं?

गुरुजींना वाटलं, पोरगं आता रडेल, नाहीतर आईचं नाव घेईल. आश्रुबा ताठ उभा राहिला. टेबलाच्या टोकाशी उभा राहायचा तसाच. आवाज कुठेही कापला नाही.

"माय टीचर टॉट मी टु वॉश माय कप, सर."

"व्हेरी गुड! फुल सेंटेन्स," साहेब म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मराठीत बोलले, "गुरुजी, भाषेबरोबर रीतही शिकवता तुम्ही. असेच शिक्षक हवेत."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. किशनरावांनीही वाजवल्या. गुरुजींच्या हातात तांब्या तसाच होता. लाजेने त्यांना मान वर करवेना. तरीही वर्गाला शिकवलं होतं तसं, नीट तोंड उघडून, ते म्हणाले, "थँक यू, सर."