मास्तरांनी पाहिलेला समुद्र

"मालवण का विजयदुर्ग, एवढं एक सांगा गुर्जी, म्हंजे मी मोकळा," असं म्हणत चन्नवीरनं होटगीकर मास्तरांच्या सतरंजीवर नकाशा पसरला. टोकं वर उचलत होती, म्हणून एकीकडे पानाचा डबा ठेवला आणि दुसरीकडे स्वतःची टोपी.

मास्तर नकाशाकडे बघत राहिले. गेली सतरा वर्षं ते सोलापुरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होते आणि कोकणचा किनारा त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी काढता आला असता. पण आज त्या दोन नावांपैकी एकावरही त्यांना बोट ठेवता येईना.

चन्नवीर त्यांचा जुना विद्यार्थी. शाळेत होता तेव्हा तिसऱ्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायचा. आता दुधनीला त्याची भुईमुगाची अडत जोरात चालली होती आणि माणसाचं बरं चाललं की त्याला हौस सुचते, तशी त्याला सुचली होती. मुंबईत त्यानं ऐकलं, की मोठे व्यापारी नाताळात घरच्यांना घेऊन आगबोटीनं सफरीला जातात. दोन दिवस बोटीवर काढायचे, एखाद्या सुंदर बंदरात उतरून चार दिवस राहायचं आणि तसंच परत यायचं. घरची आठ माणसं निघणार होती. त्यात त्याची आई, गुरम्मा अव्वा. म्हातारी पासष्टीची. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून घसरून तिचा गुडघा मोडला, तेव्हापासून काठीशिवाय तिचं पाऊल पडत नव्हतं. पण मरायच्या आधी एकदा समुद्र बघायचा, हे तिनंच मनात घेतलं होतं. सगळी सफर खरं तर तिच्यासाठी होती.

"माझं मन मालवणवर हाय," चन्नवीर म्हणाला. "धाकटा भाऊ विजयदुर्ग म्हंतोय. पण आमच्यात समुद्र बघितलेलं कोण हाय? मी म्हटलं, उगं भांडू नका, गुर्जींना इचारू. आन् तुमीबी चला की आमच्यासंगं. बघितलेला माणूस बरोबर असला म्हंजे अव्वाला धीर येतो."

यशोदाबाई चहाचे पेले घेऊन दारात आल्या होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, "त्यांचं काय! त्यांचं सगळं बघून झालंय."

आणि खरी गोष्ट अशी होती, की त्यांनी काही म्हणजे काही बघितलेलं नव्हतं. मास्तरांनी जन्मात पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाच लबाड वाटेल. मास्तर नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी शिक्षण खात्याचे दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. भूगोलाच्या तासाला मागे बसले आणि भर वर्गात त्यांनी विचारलं, "मास्तर, मुलांना समुद्र शिकवताय, स्वतः कधी पाहिलाय का?" चाळीस पोरं वळून बघायला लागली. बावीस वर्षांचं वय, नवी नोकरी, घाम फुटला आणि तोंडातून निघून गेलं, "हो साहेब. आगबोटीनं मालवणला गेलो होतो." साहेब खूश होऊन निघून गेले. पोरं कुठली जातात! दुसऱ्या दिवशीपासून सुरू झालं, गुर्जी आगबोट कशी असते, गुर्जी किल्ला पाण्यात कसा उभा राहतो. मास्तरांनी जाड जाड पुस्तकं धुंडाळली आणि किल्ला, माड, खडक, तांबडी माती असं सगळं बयाजवार सांगायला लागले. पुढं लग्न झालं. शेजारच्या पोरांकडून यशोदाबाईंच्या कानावर गेलं, त्यांनी भाबडेपणानं विचारलं, आणि नव्या नवरीसमोर नाही म्हणायला मास्तरांची जीभ रेटली नाही.

पुस्तकात जे नव्हतं ते मास्तरांनी पदरचं घातलं. बोटीतून माणूस उतरतो कसा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आता मास्तरांचं बालपण गेलं होटगीला, रेल्वेच्या जंक्शनशेजारी. त्यामुळं त्यांची आगबोटही शिटी फुंकत यायची, धक्क्याला लागून सरळ उभी राहायची आणि लोक ट्रंका घेऊन टपाटप उतरायचे.

"तुमीच सांगितलं होतं की," चन्नवीर चहा पिता पिता म्हणाला, "फलाटावर उतरल्यागत उतरायचं. माझ्या पक्कं ध्यानात हाय. म्हणून तर अव्वाला न्यायचं धाडस करतोय. न्हायतर त्या पायानं तिला कुटं न्यायची? उद्या संध्याकाळच्या मेलनं मी मुंबईला चाललोय, तिकिटं काढायला. दुपारी येतो. तवर इचार करून ठेवा."

तो गेला आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागला. आधी त्यांना भीती वाटली ती स्वतःपुरतीच. बरोबर जावं, तर बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या बिंग फुटणार. न जावं, तर कारण काय सांगायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. निदान चार गोष्टी तरी खऱ्या माहीत करून घ्याव्यात म्हणून ते टोपी घालून सात रस्त्याच्या चौकाकडे निघाले. तिथं मालवणकडचा एक म्हातारा नारळ विकायला बसायचा. तरुणपणी तो खलाशी होता, असं कुणीतरी म्हणालं होतं.

मास्तरांनी एक नारळ हातात घेतला, कानाशी हलवला आणि सहज विचारल्यासारखं केलं. "काय हो, मालवणचा धक्का मोठा आहे ना? बोट लागते तो?"

"धक्को?" म्हातारा हसला. "आगबोट काठाक लागणा नाय मास्तरांनू. ती भायेर खोल पाण्यात उभी रवता. मगे पडाव येता, बारकी होडी. लाटेर वर जाता, खाली जाता. वर इलो की माणसान पडावात उडी मारूची."

"उडी?"

"मगे काय! चुकलो तर मधी. पडाव वाळूक लागलो की खलाशी खांद्यार घेऊन उतरवतत."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि एखादं म्हातारं माणूस असलं तर? पाय अधू असलेलं?"

म्हाताऱ्यानं हातातला नारळ खाली ठेवला. "त्येका मालवणात न्हेव नका. थंयसर पाण्यात खडकांची खडपां आसत, पडाव लय हलता. विजयदुर्गाक न्हेवा. आत खाडी आसा, वारो लागणा नाय. खुर्चेक दोरी बांदून हळूहळू उतरवतत."

मास्तर नारळ घेऊन घरी आले. वाटेत त्यांना कुणी नमस्कार केला, तेही कळलं नाही. सतरा वर्षं सांभाळलेलं खोटं आजवर कुणाच्या अंगाला लागलं नव्हतं. उलट पोरं खूश होती, बायको खूश होती. आता तेच खोटं एका म्हातारीला हाताला धरून हलत्या पडावाकडे घेऊन निघालं होतं. डोळे मिटले की त्यांना गुरम्माची काठी पाण्यात पडलेली दिसायची. मग त्यांनी मनाची समजूत घातली. कबुली द्यायची गरजच काय? विजयदुर्ग बरं, एवढं म्हटलं की झालं. म्हातारीही सुखरूप, आपणही सुखरूप.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी हिंदुस्थानऐवजी आफ्रिकेचा नकाशा टांगला आणि अर्धा तास त्याच्याकडे पाठ करून गंगेच्या उपनद्या सांगितल्या. पोरं हसली. मास्तरांना छडी उचलायचंही सुचलं नाही.

दुपारी दारात टांगा थांबला. चन्नवीर एकटा आला नव्हता. टांग्यातून त्यानं आईला उतरवून घेतलं. मास्तरांच्या घराला पायऱ्या तीन. पहिल्या पायरीवर गुरम्मानं काठी टेकली, चांगला पाय वर घेतला, मोडका मागून ओढला आणि श्वास घेत थांबली. मग दुसरी. तिसऱ्या पायरीला चन्नवीरनं तिला काखेत धरून जवळजवळ उचललंच. पायऱ्या जागच्या हलत नव्हत्या, तरी ही तऱ्हा. मास्तर दारात उभे राहून बघत होते.

भिंतीला टेकून बसल्यावर म्हातारी म्हणाली, "मास्तर, मी सवता आले. हे पोरगं घाईचं हाय. नीट इचारंल न इचारंल."

"बरं केलंत अव्वा," मास्तर म्हणाले. "मी पुष्कळ विचार केला. विजयदुर्गच बरं. तिथं खाडी आहे, पाणी शांत आहे."

"तितं तुमी गेल्ता काय?"

"तिथं... नाही. तिथं नाही."

"मग नको," गुरम्मानं काठी जमिनीवर आपटली. "तुमी गेल्ता तितंच मला जायाचं हाय. मालवण."

"तसं नव्हे अव्वा. इतक्या वर्षांत तो धक्का राहिलाही नसेल. पडला बिडला असेल."

"मग तार करून इचारतो की," चन्नवीर म्हणाला. "त्यात काय! धक्का हाय का न्हाय, एवढंच ना?"

मास्तरांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. आड लपवायला जावं तर विहीर उघडी पडत होती. गुरम्मा मात्र त्यांच्याकडे बघून हसत होती. पोरगं बारा वर्षांचं असताना शाळेतून आलं की तिला समुद्र सांगायचं, ते ऐकूनच तिचा जीव लागला होता, असं ती म्हणाली. आणि मग तिनं मास्तरांच्या हातावर आपला खरबरीत हात ठेवला.

"लई भ्या वाटतं बगा मला. खोटं कशाला सांगू? पण मनात म्हंते, मास्तर गेले आन् धड परत आले. तुमच्यावर भार टाकून निघाले मी."

हे ऐकलं आणि मास्तरांना बसवेना.

"अव्वा, मी गेलो नव्हतो," ते म्हणाले.

चन्नवीरला कळलंच नाही. "कुटं गेला नव्हता?"

"मालवणला. कुठंच. मी समुद्र पाहिलेला नाही चन्नवीर. साहेबांसमोर एकदा खोटं बोललो आणि तेच पुढं ओढत आलो. तो धक्का, ते फलाटासारखं उतरणं, सगळं माझ्या मनचं. मालवणला बोट काठाला लागत नाही, हलत्या पडावात उडी मारावी लागते. अव्वांना तिथं नेऊ नकोस. मी तुझ्या पाया पडतो, पण नेऊ नकोस."

स्वयंपाकघरात पोळपाट-लाटण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

चन्नवीरचा चेहरा लालबुंद झाला. तो बराच वेळ सतरंजीवर कालपासून पडलेल्या नकाशाची घडी घालत बसला, घडी काही नीट पडेना. "मी मुंबईत मालवणची तिकिटं काढली असती गुर्जी," एवढंच तो म्हणाला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

गुरम्मानं हात काढून घेतला, पण तिचा आवाज चढला नाही. "आज सांगितलं ते बरं केलं. बोटीत बसल्यावर सांगून काय उपेग? आता विजयदुर्गाचं तरी खरं काय? ते कुणी सांगितलं तुमास्नी?"

"सात रस्त्यावर एक नारळवाला आहे. खलाशी होता. त्यानं सांगितलं. मला स्वतःला काही ठाऊक नाही अव्वा."

"चल चन्न्या," म्हातारी काठी टेकत उठली. "त्येलाच इचारू."

दर वेळी पायाला हात लावून जाणारा चन्नवीर आज नुसते हात जोडून निघाला. तुमीबी चला, हे तो पुन्हा म्हणाला नाही. म्हणण्यात अर्थही नव्हता. मास्तरांनी म्हातारीला तिन्ही पायऱ्या हात धरून उतरवलं आणि टांगा वळेपर्यंत तिथंच उभे राहिले. लाज वाटत होती, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. आता शाळेत कळेल, गावात कळेल. कळू दे, म्हातारी तर वाचली, असं त्यांना वाटलं.

आत आले तर यशोदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. हाताला पीठ तसंच होतं. या बाईनं आळीतल्या प्रत्येक हळदीकुंकवाला नवऱ्याची आगबोट सांगितली होती. आता कोणत्या तोंडानं बायकांत जाणार, असं ती विचारील, म्हणून मास्तरांनी मान खाली घातली.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुझी मान खाली गेली माझ्यापायी."

"बायकांचं काय हो, त्या चार दिवस हसतील," यशोदाबाई बोटांना लागलेलं पीठ काढत म्हणाल्या. आवाज साधाच होता, पण डोळे भरले होते. "लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या मनात होतं, एकदा समुद्र बघावा. किती वेळा ओठांवर आलं. पण म्हटलं, यांनी बघितलेला आहे, बघितलेलंच परत बघायला यांना कशाला ओढायचं? म्हणून पंधरा वर्षं बोलले नाही."

मास्तर तिथंच उंबऱ्याशी खाली बसले.

"तुम्हीही बघितलेला नाही, हे ठाऊक असतं तर आपण दोघं गेलो असतो की हो कधीच."