कुलपाचं चित्र

बाईंनी सत्तेचाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यातली खूण दाबली, यादीतून ‘सर्वांना दिसेल’ निवडलं आणि ‘जतन करा’ दाबलं. एका पानाला तीनदा बोटानं दाबायचं. एकशे बारा पानं होती. मनगट सकाळपासूनच ठणकत होतं.

हा धुलाईचा कारखाना. मोठमोठ्या इस्पितळांच्या चादरी इथे धुतल्या जात आणि तापलेल्या रोलरमधून सपाट होऊन बाहेर पडत. कुठलं यंत्र कसं चालवायचं, कसं पुसायचं, याच्या सूचना कंपनीच्या विकीवर, म्हणजे संगणकावरच्या सामायिक पानांवर, असत. हॉलमधल्या भिंतीवरच्या पडद्यावर कुणीही त्या उघडाव्यात, अशी सोय. मूळ पानं ऑफिसच्या भाषेत. हॉलमधल्या बायकांच्या भाषेत ती आणायचं काम बाईंचं. भाषांतर झालं की पान आधी फक्त भाषांतरकारालाच उघडता येई. सुरक्षासाहेबांनी होकार दिला की बाई ते सर्वांसाठी खुलं करत. साहेबांचा होकार मात्र कधीमधी यायचा. पानं साचत गेली, आणि बाईंनीही मग विचारायचं सोडून दिलं.

उद्या तपासणी अधिकारी येणार होते. त्यामुळे आज अचानक सगळ्या पानांना होकार मिळाला होता, एकही न वाचता.

अठ्ठेचाळिसावं पान उघडलं आणि बाईंचा हात थांबला. ‘रोलर पुसण्यापूर्वी’.

अकरा दिवसांपूर्वी रोलर पुसताना चिमणीची दोन बोटं आत गेली होती. तिशीची बाई, पण अंगानं एवढीशी, म्हणून सगळा हॉल तिला चिमणी म्हणे. बाईंनी ते पान आठ महिन्यांपूर्वीच पूर्ण केलं होतं. खाली त्यांचाच प्रश्न पडून होता : ‘बोटं आत जाऊ नयेत म्हणून रोलरपुढे जे बसवलं आहे, त्याला बोटरक्षक म्हणावं की जाळी? कृपया कळवावे.’ उत्तर आलं नव्हतं. हॉलमधली प्रत्येक बाई त्याला जाळी म्हणते, हे बाईंना तेव्हाही ठाऊक होतं.

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो स्वच्छच होता.

“झालं का?” साहेब दारातूनच म्हणाले.

“चाललंय. रोलरचं पान आलंय.”

साहेब आत आले. आवाज जरा उतरला. “ते उघडा आधी. कधी उघडलं ती तारीख दिसते का कुठे?”

“पानाच्या इतिहासात दिसते.”

“तो सगळ्यांना दिसतो?”

“आत्ता नाही. ते आपण ठरवायचं असतं.”

“मग राहू दे तसाच.”

“साहेब, मग तिच्या अंगावर येईल ना? सूचना तिच्या भाषेत होती आणि तिनं वाचली नाही, असं होईल.”

“अहो बाई, तिला कोण काय म्हणतंय? सूचना होती, एवढंच दाखवायचंय. आणि वाचतं का कुणी हे? खरं सांगा.” ते थकल्यासारखं हसले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. “तुमचा प्रश्नही आहे तिथे. माझ्याकडून राहिलं, तुमच्याकडूनही राहिलं. कशाला उगाच चिखल उपसायचा? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची.”

साहेब गेल्यावर बाईंनी पान खुलं केलं. इतिहासाला हात लावला नाही. एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न. पुढची पानं त्यांनी वाचलीसुद्धा नाहीत.

दुपारी चिमणी आली. उजवा हात गळ्यात अडकवलेला, सोबत नणंद. अपघाताचा अर्ज ऑफिसच्या भाषेत भरायचा होता, म्हणून त्यांना इकडे पाठवलं होतं.

“बसा. दुखतंय का फार?”

“रात्रीचं दुखतं,” चिमणी म्हणाली. “दिवसा माणसं असतात, कळत नाही.”

“भाजी चिरायला बसते एका हातानं,” नणंद म्हणाली. “ऐकत नाही कुणाचं.”

बाई एकेक रकाना वाचून दाखवत भरू लागल्या. नाव, कामाची पाळी, वेळ. मग आठवा रकाना आला. बाईंनी तो आधी मनात वाचला, मग मोठ्यानं.

“यंत्राच्या सूचना वाचल्या होत्या का?”

“नाही लिहा.”

पेन कागदावर टेकलं, पण चाललं नाही.

“म्हणजे, बघितलं होतं मी,” चिमणी ओशाळून म्हणाली. “नवीन रोलर आला तेव्हा दोन-तीनदा. नाव यायचं आपल्या भाषेत. दाबलं की कुलपाचं चित्र. मला वाटलं, ते वरच्या लोकांसाठी असेल. कुणाला विचारायचं? म्हणतील, हिला काय करायचंय.”

“मला विचारायचंत.”

“तुम्ही कामात असता.”

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नव्हती. बाईंनी पेन खाली ठेवलं. पडद्याकडे वळून त्यांनी अठ्ठेचाळिसावं पान पुन्हा उघडलं. ‘इतिहास कोणाला दिसेल?’ यादी खाली आली. त्यांनी ‘सर्वांना’ निवडलं, जतन केलं, आणि तो इतिहास छापायला दिला. कोपऱ्यातलं यंत्र कुरकुरत एकच कागद बाहेर टाकून गप्प झालं. त्यावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती, आजची होती, आणि मध्ये बाईंच्या नावानिशी तो प्रश्न.

आठव्या रकान्यात त्यांनी लिहिलं : ‘वाचायचा प्रयत्न केला. पान बंद होतं.’ लिहिलेलं चिमणीला तिच्या भाषेत वाचून दाखवलं. मग छापलेला कागद अर्जाला टाचणीनं लावला.

“हे काय आहे?” नणंदेनं विचारलं.

“माझं एक काम राहिलं होतं, त्याचा कागद आहे.”

“आम्हाला लागेल का तो?”

“लागेल,” बाई म्हणाल्या. “अर्ज देण्याआधी बाहेरून त्याची एक प्रत काढा, आणि ती घरी ठेवा. इथे नका ठेवू.”