कोऱ्या काचा

काचा अठ्ठेचाळीस होत्या. चोवीसांवर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून हिऱ्याच्या टोकाने रेघा मारून आणलेल्या, मिलिमीटरला पन्नास. उरलेल्या चोवीस कोऱ्या. सगळ्यांवर कोंबडीच्या पिल्लाच्या कंडरेतल्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीतल्या, पेशी वाढवून जांभळ्या रंगवलेल्या.

रेघांवर पेशी लांबट होऊन ओळीत बसतात, कोऱ्या काचेवर वाटेल तशा पसरतात, एवढंच सुहासिनीला दाखवायचं होतं. पण नऊ कोऱ्या काचांवरही पेशी शहाण्यासारख्या ओळीत बसल्या होत्या.

“मग तुझ्या रेघांचं काम काय?” तिचे मार्गदर्शक असलेल्या गोपीनाथ सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. “पुढच्या सोमवारी अहवाल जायचाय. हे असं गेलं तर तुझी फेलोशिप वाढणार नाही.”

“या नऊ वगळल्या तर, सर?”

“कारण सांग आणि वगळ. आवडल्या नाहीत, हे कारण नव्हे.”

तिने नऊही काचा पुन्हा पाहिल्या. ओळी प्रत्येक काचेच्या लांबीला समांतर. काच लांब कुठल्या बाजूला आहे, हे पेशींना कसं कळावं? ती उठली आणि थेट मोरीवर गेली. काचा धुणाऱ्या सगुणामावशी चेंदणी कोळीवाड्यातल्या.

“मावशी, या काचा कशाने धुतल्या होत्या?”

“पावडर संपलेली ना गो. आठ-नऊ राहिलेल्या, त्या राखेनं घासल्या. घरून चाळून आणलेली. मासळीची ताटं आम्ही तिनंच घासतो, वास म्हणून राहत नाय.”

“कशा घासल्या?”

“कशा म्हंजे? लांब-लांब. डाग राहिला काय?”

“रेघा राहिल्या.”

मावशींनी काच उजेडात धरली. “एक पण नाय दिसत. शिकून शिकून डोळे गेले तुझे, बाय.”

सर म्हणाले, “राख हा अंदाज झाला. करून बघ.”

सुहासिनीने बारा नव्या काचा काढल्या. सहा नुसत्या पावडरच्या पाण्यात बुडवून धुतल्या. सहा मावशींपुढे ठेवल्या. “या राखेने घासा. पण आडव्या.”

“मघाशी तोंड वाकडं केलंस, आता घास म्हणतेस!” मावशींनी पदर खोचला.

बाराही काचांवर तिने पेशी वाढवल्या. तीन दिवसांनी त्या रंगवून तिने काचांचे क्रमांक कागदाने झाकले, प्रत्येक काचेवरच्या पन्नास पेशींची दिशा मोजली आणि मग कागद काढले. आडव्या दिशेपासून दहा अंशांच्या आत बसलेल्या पेशी: नुसत्या धुतलेल्या काचांवर तीनशेपैकी चौतीस, म्हणजे वाटेल तशा पसरल्या तरी बसतील तेवढ्याच; राखेने घासलेल्यांवर तीनशेपैकी दोनशे एकेचाळीस. त्या नऊ काचा वगळायला आता कारण होतं: त्या कोऱ्या नव्हत्याच.