न उकळलेली गोधडी

माझी बायको मैना गेल्यावर मी घोटीचं घर बंद केलं आणि अंबडला कारखान्याजवळ, पाच जणांच्या खोलीत राहायला आलो. सोबत तिची गोधडी आणली. जुन्या लुगड्यांची, तिनंच शिवलेली. शेवटच्या आजारपणात ती हीच पांघरून होती. तिच्या डोक्याच्या तेलाचा वास गोधडीला अजून होता, म्हणून मी ती धुतली नव्हती.

खोलीतली माणसं घाणेरडी. पाच जणांत दोन टॉवेल. सगळ्यांच्या जांघेत गजकर्ण. मेडिकलवाल्याची एकच ट्यूब सगळ्यांत फिरायची. खाज थांबली की लावणं बंद. मग दुप्पट पसरायचं, आणि तो बिनडोक मेडिकलवाला पुन्हा तीच ट्यूब द्यायचा. मलाही झालं तेव्हा मी एकेकाची लाज काढली.

शेवटी खोलीतल्याच गोरक्षनं सगळ्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या ट्यूबनं खाज दबते, बुरशी वाढते. नेहमीच्या गोळ्यांना ती आता दाद देत नाही. दुसऱ्या गोळ्या देते. सगळ्यांनी एकदम घ्या, मी सांगेपर्यंत थांबू नका. अंगाला लागणारं प्रत्येक कापड उकळून काढा."

महिन्यानं त्यांनी विचारलं, "सगळं उकळलं ना?"

"सगळं," मी म्हणालो.

तिघांचं बरं झालं. माझं जाईना, शेखरचं जाऊन परत आलं.

"पुन्हा कुणाचा टॉवेल घेतलास?" मी त्याला विचारलं. "जनावरं बरी तुझ्यापेक्षा."

"टॉवेल माझाच आहे, काका. तुमची गोधडी कधी उकळली?"

"तिचा काय संबंध?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही ड्यूटीवर गेले की मी पांघरतो. थंडी असते."

माझ्या मैनाची गोधडी, आणि हा. हात उचलला होता मी.

गोरक्ष मधे आला. "काकूंचा वास राहावा म्हणून आम्ही किती दिवस खाजवायचं, काका?"

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. कुणी बोललं नव्हतं इतकंच.

रविवारी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. गोधडी बुडवली तशी वाफेला तिच्या तेलाचा वास आला. थोडा वेळच. मग नुसता साबणाचा.

ओली गोधडी मला एकट्याला पिळता येईना. शेखरनं न विचारता दुसरं टोक धरलं.

"उलटा पिळतोयस, गाढवा," मी म्हणालो.

त्यानं पीळ दुसऱ्या बाजूला फिरवला.