वरच्या दाढा आणि बॅले

डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर गेल्या होत्या त्या भांडायला. दवाखान्याच्या छतावर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी धपाधप आवाज व्हायचा, आणि तो नेमका त्यांनी कुणाच्या तरी दाढेत ड्रिल घातलेलं असतानाच. पेशंट आधीच घाबरलेला, त्यात छत हादरलं की खुर्चीतच उडायचा. शेवटी एका मंगळवारी त्या ॲप्रन न काढताच जिना चढल्या.

वर लांबट हॉल होता. एक भिंत भरून आरसा, दुसऱ्या भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा, आणि तो धरून उभी असलेली सात-आठ मोठी माणसं. शाळकरी मुली असतील असं बाई धरून चालल्या होत्या. इथे एक बाई तर त्यांच्याच वयाच्या होत्या आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ, जे निवृत्त बसड्रायव्हर आहेत हे नंतर कळलं. सगळे टाचा जोडून, पावलं बाहेर वळवून, बँकेत रांगेत उभं राहावं इतक्या गंभीरपणे गुडघे वाकवत होते. बाईंचं भांडण तिथेच राहिलं.

शिकवणारी मुलगी जेमतेम तिशीची. काय हवंय, असं तिने हसून विचारलं. निदान आवाजाच्या वेळा तरी कळाव्यात म्हणून बाई म्हणाल्या, हा मोठ्यांचा वर्ग कधी कधी असतो? मुलीने वार सांगितले, बॅलेचा पहिला तास फुकट असतो म्हणाली आणि त्यांना चपला काढायला लावल्या. नाही म्हणायचं असं बाई ठरवत होत्या, तोवर त्यांचा हात दांड्यावर होता. पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा वर गेल्या, तेव्हा तर ॲप्रनसुद्धा नव्हता. का गेलो, याचा त्यांनी बराच विचार केला. काही हाती लागलं नाही. थोरली बहीण फोनवर म्हणाली, बावन्नाव्या वर्षी टाचा उचलायची एवढी हौस आली असेल तर माझ्याकडे ये, माळ्यावरचे डबे काढून दे. नवरा कॉलेजात गणित शिकवायचा. त्याने गुडघ्यांची चौकशी केली आणि पुन्हा पेपर तपासायला लागला.

बाईंची अडचण गुडघ्यांची नव्हतीच. मुलगी आरशाकडे तोंड करून, वर्गाकडे पाठ करून उभी राहायची आणि पाय पुढे न्यायची. सगळ्यांचे पाय पुढे जायचे. बाईंचा मागे जायचा. मागे ड्रायव्हरकाका असायचे, त्यांच्या नडगीवर तो बसायचा. पहिल्यांदा त्यांनी ती नुसती चोळली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "बाई, रिव्हर्स घेताना हॉर्न तरी देत जा."

मुलीनेही एक दिवस त्यांना बाजूला घेतलं. तुमचं डावं-उजवं कधीच चुकत नाही, म्हणाली, फक्त पुढे-मागे चुकतं, आणि दर वेळी चुकतं. असं तिने कुणाचं पाहिलं नव्हतं.

जिना उतरता उतरता बाईंना कारण सापडलं, आणि दुखणं नेमकं कुठलं ते कळावं तसं बरं वाटलं. वरच्या मागच्या दाढा दातांच्या डॉक्टरला सरळ दिसत नाहीत. तोंडात छोटा गोल आरसा धरायचा आणि त्यात बघून काम करायचं. आरशात हत्यार जवळ येताना दिसलं, तर खरं म्हणजे ते लांब चाललेलं असतं. शिकताना सगळ्यांचीच त्रेधा उडते. मग कधीतरी हात शहाणा होतो आणि डोळ्यांनी सांगितलेलं परस्पर उलटं करून घेतो. हॉलमधला आरसा दिसला की बाईंचं अख्खं अंग तेच करत होतं. मुलगी मात्र आरशात नव्हती, समोर सरळ उभी होती. तिचा पाय लांब गेला की बाईंचा आपल्याकडे यायचा.

कारण कळल्यावर त्या कामाला लागल्या. दांडा धरला की मनात म्हणायच्या, दिसतंय तेच करायचं, उलटं नाही. दोन-अडीच महिन्यांनी एका शुक्रवारी सगळे पाय ठरल्या जागी गेले. मुलीने टाळी वाजवली. ड्रायव्हरकाका निर्धास्तपणे एक पाऊल पुढे सरकले. बाई खाली आल्या तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता आणि तो कशाचा, ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शिक्षिकेची वरची शेवटची दाढ होती. बाईंनी आरसा धरला, दुसऱ्या हातातली दात तपासायची टोकदार सळी दाढेच्या मागच्या कडेला न्यायला निघाल्या, आणि हात पुढे आला. सळी हिरडीत रुतली. रक्ताचा एक थेंब आला. शिक्षिका दचकल्या, मग काही नाही, काही नाही म्हणाल्या. ड्रिल नव्हतं, नुसती सळी होती. पण पुढचं सगळं काम बाईंनी हाताला एकेक हालचाल सांगत केलं, आणि संपलं तेव्हा हातमोज्यांत घाम साचला होता. या हातावर त्यांचं घर उभं राहिलं होतं. त्याला काय करायचं ते सांगायची वेळ कधी आली नव्हती. पुढच्या दोन आठवड्यांत तो आणखी तीनदा असाच चुकला, रक्त तेवढं आलं नाही.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "मग सोड ना," तो म्हणाला. "सरळ आहे."

सरळ होतंच. तरी बाई इतक्या चिडल्या की त्याला जेवायला वाढून स्वतः गच्चीत जाऊन बसल्या. तो बरोबर बोलतोय, मग आपण कुणावर चिडलोय, हे त्यांना कळेना.

रविवारी दवाखाना बंद होता. त्यांनी नवऱ्यालाच नेऊन खुर्चीत आडवं केलं, त्याच्या तोंडात आरसा घातला आणि एक बोथट सळी घेऊन वरच्या दाढांवरून फिरवायला लागल्या. हात बरोबर जात होता. मग मध्येच थबकायचा, चौकात उभं राहून कुणाला तरी रस्ता विचारावा तसा. पुन्हा बरोबर जायचा. नवऱ्याला बोलता येत नव्हतं, त्यामुळे बाई बोलू लागल्या.

"मला नाचायचंय असंही नाही हो. कुणाला दाखवायचंय असं तर नाहीच. इथे मी उभी राहिले की मला सगळं येतं. तिथे काहीच येत नाही, पोरासोरांसारखं चुकतं, आणि तरी मी परत जाते. याला काय म्हणायचं?"

"आं," नवरा म्हणाला.

त्यांनी आरसा काढला. त्याने चूळ भरली आणि गणित मांडावं तसं विचारलं, "हात चुकतो तो नेमका कधी?"

बाईंनी आठवून पाहिलं. तासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारनंतर कधी चुकल्याचं आठवत नव्हतं. एरवी नाहीच.

"म्हणजे विसरलेला नाही. त्याला दोन्ही येतंय, पाळी कुणाची ते कळत नाहीये." मग तो जरा घुटमळला. "करून दाखव ना ते. पाय पुढेवालं."

बाईंनी खुर्चीचा हात धरला, टाचा जोडल्या आणि पाय पुढे नेला. तो फळ्यावरचं विद्यार्थ्याचं उत्तर बघावं तसा बघत राहिला. शेवटी म्हणाला, आपल्याला यातलं काही कळलं नाही, पण तुझं असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. कसं तोंड, असं बाईंनी विचारलं. त्याने स्वतः तसं करून दाखवायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

सोमवारी बाईंनी मदतनीस मावशींना बोलावून सांगितलं, यापुढे बुधवारी आणि शनिवारी सकाळी वरच्या दाढेचं काम कुणाला द्यायचं नाही. खालच्या चालतील. वरच्या सगळ्या दुपारनंतर.

मावशींनी नेहमीसारखी मान हलवली. मग थांबल्या. लोकांना कारण काय सांगायचं, विचारलं. बाईंनी तोंड उघडलं. वरच्या हॉलचं नाव घ्यावं, हाताचं घ्यावं, की नुसतं बाईंना वेळ नाही म्हणावं, यातलं एकही खरं वाटेना आणि खोटंही वाटेना. कारण नाही सांगायचं, त्या म्हणाल्या.

"बरं. पण मॅडम, अचानक कुणी ठणका लागून आलं तर? शनिवारी सकाळी?"

बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो टेबलावर शांत पडलेला होता.

"तर देवाजवळ म्हणायचं, खालची असू दे," त्या म्हणाल्या, आणि आपण हे गमतीने म्हटलं की मनापासून, हे मावशींच्या चेहऱ्यावरून तरी कळतंय का ते बघत राहिल्या.